वस्तूंचा निरोप आणि स्मरणरंजनाचा पेच

मराठी वाङ्मयपरंपरेत निरोपाचे रूपबंध थोडे नाहीत. सासरी निघालेल्या मुलीची पाठवणी, वारीहून परतणाऱ्याचे पंढरीकडे वळून पाहणे, फाशीकडे निघालेल्याचे अखेरचे बोलणे या प्रसंगांना परंपरेने भाषा, लय आणि श्रोता हे तिन्ही पुरवलेले आहेत. सोलापूरपुरते बोलायचे तर कवी कुंजविहारी यांच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या गीताचा निर्देश पुरेसा आहे. फासावर जाणारा तरुण तेथे आईला पुनर्जन्माचे आश्वासन देतो. निरोपाच्या उद्गारातच पुनर्भेटीची मुदत ठरून जाते. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना ज्या शहराने गमावले, त्याला हे गीत आपले वाटावे यात नवल नाही.

याच शहरात निरोपाचा आणखी एक, अधिक प्राचीन रूपबंध दर संक्रांतीला पाहावयास मिळतो. सिद्धेश्वर यात्रेतील सात नंदीध्वजांचे साज आणि वस्त्रे यात्रेच्या अखेरीस उतरवली जातात. या विधीला कप्पडकळी म्हणतात. शब्द कन्नड आहे आणि त्याचा अर्थ वस्त्र उतरवणे एवढाच. विणकरांच्या शहरातील सर्वांत मोठ्या उत्सवाची सांगता वस्त्रविसर्जनाने व्हावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. मात्र येथेही निरोप कायमचा नसतो. काठी राहते, मान राहतो, पुढल्या वर्षी वस्त्र पुन्हा चढते. गणपतीच्या उत्तरपूजेत देवाला पुन्हा येण्याची विनंती असते; तोच भाव येथेही आहे.

या दोन्ही रूपबंधांत एक गोष्ट समान आहे. जाणाऱ्याला नाव आहे किंवा परतण्याचा दिवस आहे. रोजच्या वापरातील वस्तूंना यांपैकी काहीच नसते. जाते कोणत्या तिथीला घरातून गेले, माग कोणत्या दिवशी मोडीत निघाला, गिरणीचा भोंगा शेवटचा केव्हा वाजला हे सांगू शकणारी माणसे विरळा. वस्तू वापरात असते तोवर ती जाणिवेच्या पृष्ठभागावर येतच नाही. हातोडा मोडला म्हणजे तो हातोडा म्हणून डोळ्यांत भरतो, असे हायडेगर यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्याचा वाङ्मयीन परिणाम असा, की परिचित वस्तूचा निरोप जवळजवळ नेहमीच उशिरा लिहिला जातो, आणि पुष्कळदा ती वस्तू ज्याच्या हाताखाली होती त्याच्याकडून लिहिला जात नाही. मराठी ललित गद्यातील स्मरणरंजनाचा पेच येथून सुरू होतो. स्मरणरंजनावर भाबडेपणाचा आरोप करून समीक्षा मोकळी होते, परंतु आठवणारा कोण आणि राबणारा कोण हा प्रश्न तिने क्वचितच विचारला आहे.

जात्याचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरते. जाते ही मराठी वाङ्मयात केवळ वर्ण्य वस्तू नव्हती, ती एका वाङ्मयप्रकाराची जन्मभूमी होती. ओवीची लय, तिचा विसावा, शब्द ओढून धरण्याची तिची पद्धत हे सारे खुंट्याच्या फेऱ्याशी बांधलेले होते. पिठाची गिरणी आली आणि घरातील दळण थांबले, तेव्हा एका उपकरणाबरोबर एका रचनाप्रकाराचा प्रसंगच नाहीसा झाला. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी 1980 च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. ज्यांच्याकडून त्या मिळाल्या त्या स्त्रियांपैकी अनेकींचे जाते तोवर कोपऱ्यात गेलेले होते. या ओव्यांत जात्याला देव मानणे आहे, त्याच्यापाशी मन मोकळे करणे आहे. त्याचबरोबर दळताना अंगाचे पाणी होणे आहे, आणि आईने लहानपणी चारलेल्या-पाजलेल्यामुळे हे बळ आले अशी कृतज्ञ, काहीशी कडवट नोंदही आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या ‘घरोट’ या कवितेत पिठाबरोबर गाणे बाहेर पडते आणि हातही दुखतात. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात येतात, कारण बोलणारी बाई अजून दळते आहे.

दिवाळी अंकांतील ललित लेखांत जाते येते तेव्हा मात्र हात दुखत नाहीत. तेथे पहाट असते, समईचा प्रकाश असतो, आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ऐकलेला स्वर असतो. ही अनुभूती खोटी नाही. ती मांडीवरच्या मुलाची आहे. पण त्या मुलाची झोप आणि आईची मोडलेली झोप या एकाच पहाटेच्या दोन बाजू आहेत, आणि लेख पहिल्या बाजूवरच थांबतो. जाते गेल्याने बाईला पहाटेचे दोन तास परत मिळाले. या सुटकेचा उच्चार ज्या निरोपात नाही, तो वस्तूचा निरोप नसून स्वतःच्या बालपणाचा असतो. तसे लिहिण्यास हरकत नसावी, परंतु त्याला लोकजीवनाच्या ऱ्हासाची नोंद म्हणून जे मोल दिले जाते ते अवाजवी आहे.

सोलापुरात हाच पेच भाषेच्या अंगाने अधिक गुंतागुंतीचा होतो. तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात स्थायिक झालेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथील हातमाग चालवला. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, हातून हाती धावणारा धोटा, कांड्या भरणाऱ्या बाया आणि मुले असे ते घर होते. घर आणि कारखाना यांत भिंत नव्हती. पुढे यंत्रमाग आला, खटखट वाढली, चादरीला आणि टॉवेलला देशभर नाव मिळाले, त्यांना भौगोलिक निर्देशांकही लाभला. हातमाग उठला त्या दिवशी त्या घरात जे बोलले गेले असेल ते तेलुगूत बोलले गेले. म्हणजे नंदीध्वजाच्या वस्त्राचा निरोप कन्नडमध्ये आणि मागाचा तेलुगूत. मराठी समीक्षेच्या कानी पडते ते बाजारातले बोलणे. सोलापूरच्या साहित्याचा विचार केवळ मराठी पुस्तकांच्या आधारे करणाऱ्या अभ्यासकाने हे बहिरेपण निदान मान्य करावयास हवे.

गिरण्यांची गोष्ट तुलनेने अधिक लिहिली गेली, पण ती मुंबईची. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकात 1982 च्या संपानंतरची गिरणी रंगमंचावर येत नाही. चाळीतली खोली येते आणि त्या खोलीत कोणाला कोठे जायचे हे ठरत नाही. गिरणीबद्दल हळवे होण्याची उसंत त्या माणसांना नाही, म्हणूनच तेथे गिरणीचे जाणे जड वाटते. सोलापुरात 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्या मागोमागच्या गिरण्या भोंग्याने शहराचा दिवस ठरवीत. त्या बंद पडल्या तरी या अनुभवाला तशी नाट्यकृती मिळालेली नाही. उलट 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेतील अडथळा म्हणून पाडली गेली, तेव्हा तिचे कोसळणे शेकडो मोबाइलमध्ये टिपले गेले. गिरण्यांच्या धुराड्यांच्या मानाने ती अगदी अलीकडची. तिला निरोपाचा दिवस आणि क्षण मिळाला, प्रेक्षकही मिळाले. कारखान्यावर पोट असलेल्यांचा विरोध आणि विमानाची वाट पाहणाऱ्यांचे समाधान त्या चित्रफितींत सारखेच मूक आहेत.

वस्तूला कायमचा निरोप देण्याचा रूपबंध आपल्याकडे नाही, हे विधान एका ठिकाणी मात्र सैल करावे लागते. लग्नघरात आजही हळदीच्या आधी जाते काढले जाते. घरात नसेल तर शेजारून मागून आणतात. त्याला हळदकुंकू लावून आंब्याची पाने बांधतात, पाच सवाष्णी मूठभर धान्य दळतात, एखादीला अर्धीमुर्धी ओवी आठवते, दुसरी ती पुरी करू पाहते, चाल चुकते, हसू होते. ओवी नेमकी कोणाची यावर थोडा वादही होतो. मग जाते धुऊन परत दिले जाते, आणि जेवणावळीचे पीठ गिरणीतून आलेले असते.