अजिंठ्याच्या भिंतीवरची घरे

अजिंठ्याची लेणी पाहून आलेल्या मंडळींच्या बोलण्यात स्तुतीच्या शेपटाला एक ‘पण’ हटकून लागलेला असतो. चेहरे सुंदर, हातांची बोटे सुंदर, रंग तर दीड हजार वर्षे टिकले. पण त्या चित्रकारांना यथार्थदर्शन तेवढे येत नव्हते! महालाचे खांब काडीसारखे, छप्पर खालून पाहिलेले तर आतली बैठक वरून, आणि राजा आपल्याच दारात मावणार नाही एवढा मोठा. इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेला बसलेला मुलगाही हे दोष बोट ठेवून दाखवील. आक्षेप इतका सोपा आहे की तो कधी कोणी तपासून पाहत नाही. दिवाळीच्या निवांतपणात तो तपासायला हरकत नाही.

रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. हे दिसणे पट्टी लावून कागदावर उतरवण्याची रीत म्हणजे यथार्थदर्शन. मागे जाणाऱ्या रेषा ज्या ठिपक्यात विरतात तो लोपबिंदू. ही रीत पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात सिद्ध झाली. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने तिथल्या एका धर्ममंदिराचे चित्र फळीवर काढले आणि त्या फळीला एक भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचे. मग ते खऱ्या इमारतीसारखे भासे. पुढे १४३५ साली आल्बेर्तीने या रीतीचे नियम ग्रंथात घातले. पण सारे मर्म त्या भोकात आहे. चित्र खरे दिसावयाचे तर डोळा एक हवा आणि तोही नेमून दिलेल्या जागी हवा!

आपल्याकडे या विद्येचा थाट पाहावयास मिळाला तो संगीत नाटकांच्या पडद्यांवर. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगविलेल्या पडद्यांनी एक काळ गाजवला. महालाचा पडदा सुटला की खांबामागून खांब, कमानीमागून कमान, आणि पार पलीकडे बाग! सपाट कापडावर एवढी खोली उभी करणे हे लहानसहान काम नव्हे. पण असा पडदा खरा दिसतो तो मधल्या खुर्चीवरून. कडेला बसलेल्या प्रेक्षकाला त्या महालाच्या भिंती तिरक्या भासणारच. शिवाय नट बोलता बोलता पडद्याजवळ गेला की दूरच्या कमानीला त्याचे डोके लागते आणि राजवाड्याचा खुराडा होतो. पुढे चित्रपट काढू लागल्यावर बाबूरावांनी रंगीत पडदा सोडून घडीव नेपथ्य उभारले, यात नवल नाही. माणसे जिथे हिंडतात-फिरतात तिथे एका डोळ्याचे चित्र पुरे पडत नाही.

आता अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात चला. हे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळचे. त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे आमच्या वऱ्हाडातले वाशीम. तेव्हा ही चित्रे आम्हांला परकी नव्हेत. आमचे रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी आहे, आणि हीच डोंगरओळ पश्चिमेकडे अजिंठ्याला जाते. या लेण्याच्या सभामंडपात वीस खांब आहेत आणि चित्रे आहेत ती खांबांच्या मागच्या भिंतींवर. मंडपाच्या मध्यावर उभे राहाल तर खांब आड येतात. भिंतीजवळ जाल तर मागे सरायला जागा नाही. उजेड यायचा तो दारा-खिडक्यांतून. अशा ठिकाणी चित्र पाहायचे म्हणजे भिंतीच्या कडेकडेने चालत, एकेक प्रसंग न्याहाळत पाहायचे. मधली खुर्चीच इथे नाही! मग त्या चित्रकाराने लोपबिंदू ठेवायचा कुठे, आणि कोणासाठी?

त्याने वेगळी लिपी वापरली. याच लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. दान देण्याच्या व्रतापायी तो हद्दपार होतो आणि बायकामुलांसह रथातून वनात जातो. चार बारीक खांब आणि वर छप्पर दिसले की समजावे, हे घर. वेस दिसली की शहर संपले. ठोकळ्यांसारखे खडक पुढे आले की डोंगर लागला. खांब बारीक आहेत ते आतल्या माणसांना झाकू नयेत म्हणून. छप्पर खालून आणि बैठक वरून दाखवली आहे, कारण घरात राहणारा माणूस छताकडे मान वर करून आणि अंथरुणाकडे मान खाली घालूनच पाहतो. राजा दारापेक्षा मोठा आहे, कारण कथा राजाची आहे, सुताराची नव्हे.

याहून मोलाची एक गोष्ट आहे. विद्या दहेजियांसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, अजिंठ्यातले प्रसंग पुष्कळदा आधी-नंतरच्या क्रमाने मांडलेले नसून ठिकाणांप्रमाणे मांडलेले आहेत. राजवाड्यात घडलेले सगळे राजवाड्यात, वनात घडलेले सगळे वनात, मग मध्ये कथेचा केवढाही पल्ला गेलेला असो. आपल्या आठवणी तरी याहून निराळ्या कुठे असतात? जुन्या वाड्याच्या ओसरीवर आजोबांचे कीर्तन, आत्याचे लग्न आणि कोणाचे तरी जाणे एकत्रच उभे असते. तिथे साल आठवत नाही, जागा आठवते.

उणे काहीच नाही असे मात्र नाही. कथा ठाऊक नसेल तर ही लिपी वाचता येत नाही. कोठे सुरुवात आणि कोठे शेवट, याचा पत्ता लागत नाही. शिवाय या भिंतींवर माणसे, झाडे, हत्ती यांची इतकी दाटी आहे की रिकामी जागा शोधावी लागते. निर्जन लांब रस्ता, त्याच्या टोकाशी एक इवलासा माणूस, हा एकटेपणा दाखवावा तो यथार्थदर्शनानेच. विश्वंतराचे वनवासातले एकटेपण मला त्या भिंतीवर फारसे जाणवत नाही. ती त्या लिपीची मर्यादा आहे, चित्रकाराचे अज्ञान नव्हे.

हा भेद चित्रांपुरताच असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. वर्गातली लहान मुले विहीर काढतात ती वरून पाहिलेली, वाटोळी. आणि काठावरच्या बायका मात्र उभ्या, बाजूने पाहिलेल्या. वारली चित्रांतला तारपा नाच असाच असतो: वेटोळे वरून, नाचणारे बाजूने. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती हीच चित्रपरंपरा जगापुढे मांडल्याबद्दल. मग मुलाच्या विहिरीवर लाल फुली कशासाठी? त्याला पट्टी आणि लोपबिंदू अवश्य शिकवावा. उद्या त्याला घराचा नकाशा काढायचा असेल. पण ती दुसरी लिपी म्हणून शिकवावी. पहिली पुसून नव्हे.

सुटीत मुलांना घेऊन अजिंठ्याला जाल तेव्हा (सोमवारी लेणी बंद असतात) भिंतीसमोर थांबून ‘हे बरोबर काढले आहे का?’ असे विचारू नका. ‘आता आपण कुठे आलो?’ असे विचारा आणि मुलांच्या मागोमाग चालू लागा.