हरवलेल्या भिंतीची कागदपत्रे

पादुआ हे नाव आपल्या भाविकांना परिचित आहे ते संत अंथनीमुळे. १३ जूनच्या सणाला ते ठिकठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांत उच्चारले जाते. त्याच नगरीत एरेमितानी नावाचे ऑगस्टिनियन संन्याशांचे एक प्राचीन ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या उजव्या अंगाला असलेल्या ओवेतारी प्रार्थनालयात आंद्रेया मांतेन्या या चित्रकाराने संत याकोब आणि संत ख्रिस्तोफर यांचे जीवन भिंतींवर रंगविले होते. 'होते' असेच म्हणावे लागते. ११ मार्च १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी केलेल्या बाँबफेकीत हे प्रार्थनालय कोसळले. जवळच असलेले जोत्तोचे स्क्रोवेन्यी प्रार्थनालय बचावले, आणि मांतेन्याच्या तारुण्यातील सर्वांत मोठ्या कामाचा चुरा झाला.

आज या चित्रांविषयी आपण जे बोलतो ते बहुतांशी कागदपत्रांच्या, छायाचित्रांच्या आणि गिलाव्याच्या तुकड्यांच्या आधारे. म्हणून या साधनांची पारख करणे हेच येथे समीक्षकाचे पहिले काम ठरते.

सर्वांत जुनी साक्ष कागदांची. अंतोनिओ ओवेतारी याने आपल्या मृत्युपत्रात प्रार्थनालयाच्या सजावटीसाठी ७०० सुवर्ण डुकाट ठेवले. १४४८ साली त्याच्या मृत्यूनंतर करारनामा झाला. अर्धे काम जोव्हान्नी दालेमान्या आणि अंतोनिओ विव्हारिनी या नाणावलेल्या जोडीकडे गेले. उरलेले अर्धे निकोलो पिझ्झोलो आणि मांतेन्या या तरुणांकडे. मांतेन्या तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा, कायद्याने अज्ञान. त्याच्या वतीने थोरला भाऊ उभा राहिला. पुढच्याच वर्षी या दोघा तरुणांचे बिनसले आणि कामाची वाटणी लवादापुढे गेली. १४५० मध्ये जोव्हान्नी निवर्तला, विव्हारिनी काम सोडून गेला, १४५३ मध्ये पिझ्झोलो एका मारामारीत प्राणास मुकला. वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या भिंतींचा मोठा भाग अशा रीतीने एका पोराच्या हाती आला!

यानंतरचा दस्तऐवज अधिक बोलका आहे. ओवेतारीची विधवा इंपेरात्रिचे हिने १४५७ साली मांतेन्यावर खटला भरला. तक्रार अशी की, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या चित्रात प्रेषित बारा हवेत, चित्रकाराने आठच काढले. साक्षीला चित्रकार बोलाविले गेले. जागा अपुरी होती, असे समर्थन पुढे आले. कलेचे इतिहासकार या बाईंची थोडी थट्टा करतात. मला ती अन्यायाची वाटते. पतीच्या आत्म्यासाठी उभारलेल्या वेदीमागे प्रेषितांचा मेळा पूर्ण असावा, ही एका श्रद्धावान स्त्रीची अपेक्षा होती. चित्रकाराचे उत्तर मात्र चौकटीच्या रुंदीतून आलेले. भक्ताची गणना आणि कलावंताची मांडणी यांतील हा तंटा त्या कागदांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचला. हे चित्र वाचलेही आहे, कारण ओलीच्या भयाने ते एकोणिसाव्या शतकातच, संत ख्रिस्तोफरच्या हौतात्म्याच्या चित्रांबरोबर, भिंतीवरून सोडवून घेतले होते. आजही मोजून पाहिले तर प्रेषित आठच भरतात.

संत याकोबाची भिंत मात्र गेली, आणि तिच्यासाठी छायाचित्रांकडे वळावे लागते. बाँबफेकीपूर्वी आलिनारी, अँडरसन आदी छायाचित्रकारांनी या चित्रांच्या कृष्णधवल प्रती काढून ठेवल्या होत्या. त्यांवरून रचना उत्तम कळते. 'वधस्थानाकडे नेला जाणारा याकोब' या चित्रात पाहणाऱ्याची दृष्टी चौकटीच्या तळाच्याही खाली कल्पिलेली आहे. माणसे व रोमन कमान आपल्या डोक्यावर झुकल्यासारखी भासतात. वाटेत थांबून, गुडघे टेकलेल्या माणसाला प्रेषित आशीर्वाद देत आहे. शेजारच्या चित्रात तो जमिनीवर पडलेला आहे. त्याचे मस्तक चौकटीबाहेर, प्रार्थनालयातच घरंगळेल असे वाटते.

पण हीच छायाचित्रे फसवितातही. व्हासारी आपल्या चरित्रग्रंथात सांगतो की, मांतेन्याचा गुरू आणि मानलेला पिता स्क्वार्चोने याने ही चित्रे पाहून टोमणा मारला: ही माणसे जिवंत नाहीत, पुतळे आहेत, ती संगमरवराच्या रंगात रंगविली असती तर बरे झाले असते. कृष्णधवल छायाचित्राने स्क्वार्चोनेची ही इच्छा पाचशे वर्षांनी पुरी केली. युद्धानंतरच्या दोन पिढ्यांनी जो मांतेन्या पुस्तकांतून पाहिला तो राखाडी, दगडी, कठोर होता. या कठोरपणावर जे पानेच्या पाने लिहिले गेले, त्यातला किती भाग चित्रकाराचा आणि किती भाग छायाचित्राच्या काचेचा, हे फारसे कोणी विचारले नाही.

याचे उत्तर ढिगाऱ्यातच होते. गिलाव्याचे तुकडे वेचून खोक्यांतून रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेकडे नेण्यात आले. ते सुमारे ८८ हजार भरले. बहुतेक दोन बोटांत धरता येतील एवढे. सर्वांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ७७ चौरस मीटर, आणि मूळ चित्रे तर कित्येकशे चौरस मीटरची! १९९० नंतरच्या काळात पादुआ विद्यापीठाचे दोमेनिको तोन्योलो आणि गणितज्ञ मास्सिमो फोर्नासिएर यांनी प्रत्येक तुकड्याची प्रतिमा जुन्या छायाचित्राशी संगणकावर ताडून त्याची जागा आणि कल शोधण्याची पद्धत सिद्ध केली. रंग तुकड्यांत, रेखा छायाचित्रांत. एकाला दुसऱ्याचा आधार मिळाला. (आपल्याकडे जुन्या वेदीचा रंग खरवडण्यापूर्वी तिचे एखादे छायाचित्र काढून ठेवण्याची आठवण कितीजणांना होते?)

मांतेन्याच्या निधनाला पाच शतके झाली त्या २००६ साली ही जुळणी प्रार्थनालयात परत आली. राखाडी छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर खऱ्या रंगाचे तुकडे बेटांसारखे विखुरलेले दिसतात. काही भाविकांना हे दृश्य रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. प्रार्थनालय हे संग्रहालय नव्हे; फुटक्या चेहऱ्याच्या संतासमोर मन एकाग्र कसे व्हावे? तरीही मला हीच जुळणी योग्य वाटते. संपूर्ण भिंत नव्याने रंगविली असती तर डोळ्यांना समाधान लाभले असते, परंतु मांतेन्याचा हात कोठे संपतो आणि आपला कोठे सुरू होतो हे कोणालाच कळले नसते. आज एखाद्या तुकड्यातील लाल वा निळा रंग दिसतो तेव्हा तो त्याचाच असतो, आणि स्क्वार्चोनेच्या टोमण्याला तोच उत्तर देतो.

फोर्नासिएर यांच्या गणिताने पुढे आणखी एक पाऊल टाकले. तुकड्यांतील रंगांवरून हरवलेल्या भागांच्या रंगांचाही अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखविले. अभ्यासासाठी हा अंदाज मोलाचा आहे. संगणकाच्या पडद्यावर तो जरूर पाहावा. भिंतीवर मात्र तो येऊ नये.