अफगाणिस्तानातील खाजगी सुरक्षा व युद्धाचे अर्थकारण : 'वॉरलॉर्ड, इन्कॉर्पोरेटेड' अहवालाची चिकित्सा

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीचा जून २०१० मधील 'वॉरलॉर्ड, इन्कॉर्पोरेटेड' हा अहवाल अफगाणिस्तानातील युद्धाच्या अर्थकारणावर मोलाचा प्रकाश टाकतो. लष्करी रसदवाहतुकीच्या २.१६ अब्ज डॉलरच्या कंत्राटात मालमोटारींच्या संरक्षणाची जबाबदारी वाहतूकदारांवरच सोपविण्यात आली होती. परिणामी महामार्गांवर वर्चस्व असणाऱ्या सशस्त्र सरदारांना संरक्षणाचा मोबदला मिळू लागला. त्यातील काही पैसा तालिबानपर्यंत पोहोचत असावा, असे अहवाल सूचित करतो. मात्र या प्रश्नाकडे प्रामुख्याने देखरेखीतील त्रुटी म्हणून पाहणे, ही अहवालाची मर्यादा होय. वस्तुतः रस्ता निर्धोक झाला असता, तर संरक्षकांचे उत्पन्नच संपुष्टात आले असते. ऑगस्ट २०१० मध्ये अध्यक्ष हमीद करझाई यांनी खाजगी सुरक्षा कंपन्या चार महिन्यांत बरखास्त करण्याचा आदेश दिला. तो मुदतीत अंमलात आला नाही. सारांश, असुरक्षितता हेच जेथे उपजीविकेचे साधन बनते, तेथे केवळ देखरेखीने शांतता प्रस्थापित होत नाही.