शुभवर्तमानांची चिकित्सा आणि आपली कसोटी

ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या उगमाविषयी पाश्चात्त्य संशोधकांनी केलेली चिकित्सा मराठी बौद्ध वाचकांत आता बरीच परिचयाची झाली आहे. कोल्हापुरातील अभ्यासवर्गांतून तिची चर्चा होते, तेव्हा दोन विधाने हमखास ऐकू येतात. शुभवर्तमाने ही प्रत्यक्षदर्शींची साक्ष नव्हे, हे पहिले. त्यांतील जे उदात्त आहे ते बुद्धवचनातून उचललेले आहे, हे दुसरे. ही विधाने एका दमात उच्चारली जात असली तरी त्यांचे प्रमाणबल सारखे नाही. म्हणून त्यांची स्वतंत्र तपासणी आम्हांस अगत्याची वाटते.

पहिल्या विधानामागे दोन शतकांहून अधिक काळाचे परिश्रम आहेत. रायमारुसचे लेखन लेसिंगने १७७४ पासून प्रसिद्ध केले. १८३५ मध्ये स्ट्राउसचे येशूचरित्र आले. १९०६ मध्ये श्वाइट्झरने या साऱ्या प्रयत्नांचा झाडा घेतला. यांतून बहुसंख्य अभ्यासकांना मान्य झालेले निष्कर्ष असे: मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे असून ते इसवी सन ७० च्या सुमाराचे आहे, मत्तय व लूक यांनी मार्कचा आधार घेतला, ग्रंथांवरील नावे मागाहून जोडली गेली. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन संपूर्ण प्रतींत नाहीत. मात्र येशू नावाचा पुरुष झालाच नाही, हे मत या चिकित्सेतून आपोआप निघत नाही. ते थोड्याच अभ्यासकांचे आहे, आणि बार्ट अर्मन यांच्यासारख्या श्रद्धा सोडलेल्या संशोधकानेही २०१२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून ते अमान्य केले आहे.

दुसऱ्या विधानाचा इतिहास इतका निर्मळ नाही. १८९४ मध्ये नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाची पोथी पाहिल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी माक्स म्युलरने शंका घेतली, आणि १८९५ मध्ये आर्चिबाल्ड डग्लस यांनी मठात जाऊन विचारणा केली असता प्रमुख लामांनी अशी पोथी असल्याचे नाकारले. मराठीत बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय’ १९४६ मध्ये निघाले व २०१६ मध्ये पुन्हा छापले गेले. येशू जन्माने तमिळ हिंदू होता, असा त्याचा सिद्धान्त. समकालीन एकही पुरावा त्याच्या बाजूचा नाही. बाबारावांच्या या प्रतिपादनाला हसणारे आमचेच काही मित्र ‘हिंदू’ या शब्दाच्या जागी ‘बौद्ध’ हा शब्द घालून तेच प्रतिपादन स्वीकारतात, हे आम्हांस खटकते.

संपर्क मुळीच नव्हता, असे आमचे म्हणणे नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सातवाहनकालीन करवीराचा रोमन जगाशी व्यापार होता, याची ती साक्ष देते. परंतु ज्या वाटेने मूर्ती आली त्याच वाटेने कथा गेली, हे मूर्ती सांगत नाही. पाण्यावरून चालणाऱ्या व लाटा पाहून बुडू लागणाऱ्या उपासकाची कथा जातकात आहे, तशीच पेत्राची कथा मत्तयात आहे. पण जातकाचा तो गद्यभाग आज उपलब्ध असलेल्या रूपात इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचा आहे. नालकसुत्तातील असित आणि लूकमधील शिमोन यांचे साम्य अधिक लक्षणीय. तरीही लूकच्या जन्माख्यानाचा घाट जुन्या करारातील हन्ना व शमुवेल यांच्या कथेवरून आला आहे, हे दाखवणे अधिक सोपे आहे. साम्य दिसले की ऋण सिद्ध झाले, असे मानता येत नाही.

आता खरा प्रश्न. जी कसोटी आपण मत्तय-लूकांना लावतो, ती आपल्या ग्रंथांना लावतो काय? मराठीत हे कार्य धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ च्या ग्रंथात केले. मध्यरात्री पत्नी-पुत्रास न सांगता गृहत्याग, ही कथा निदानकथा व ललितविस्तर यांत येते. अरियपरियेसनसुत्तात मात्र आई-बाप रडत असता त्यांच्यादेखत गृहत्याग केल्याचे भगवंत स्वतः सांगतात. चार निमित्तांचे दर्शन महापदानसुत्तात विपस्सी बुद्धाच्या चरित्रात आहे. ते पुढे गोतमावर आरोपित झाले, हे कोसंबींनी दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हाच प्रश्न अग्रभागी ठेवला: एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर जरा, व्याधी, मरण पाहिले नसेल, हे कसे संभवते? तरीही आमच्या विहारांच्या भिंतींवर चार निमित्तांची चित्रे आजही रंगविली जातात, आणि त्याखाली बसून आम्ही लूकची चिकित्सा करतो.

चिकित्सेने बुद्ध उणे होत नाहीत. लुम्बिनीचा अशोकस्तंभ उभा आहे. भाब्रूच्या लेखात अशोकाने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. चमत्कार गळून पडले तरी धम्म उरतो, कारण त्याचा आधार कथेवर नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या ग्रंथांविषयी बोलताना हे स्मरणात ठेवणे आपले कर्तव्य आहे. येशूच्या पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या माणसाला ही चिकित्सा जितकी बोचते, तितकी ती आपणास बोचत नाही. म्हणूनच आपल्या हाती ती सहज शस्त्र बनते. कालामांना केलेला उपदेश परंपरेने आले म्हणून मानू नका, असा होता. तो केवळ दुसऱ्याच्या परंपरेपुरता नव्हता.

अभ्यासवर्गांना आमची सूचना इतकीच. मार्क व लूक समोरासमोर ठेवून वाचण्याची जी पद्धत आपण शिकलो, तिने एकदा अरियपरियेसनसुत्त व निदानकथा वाचावी. त्यानंतर शुभवर्तमानांवरील चर्चा पुन्हा घ्यावी. तिचा सूर पालटलेला असेल, अशी आमची अपेक्षा आहे.