जीवरसायनशास्त्राची मराठी परिभाषा : पदवीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक परीक्षण

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा कोशकाराच्या बाजूने होते. संज्ञा व्युत्पत्तीने निर्दोष आहे की नाही, एवढे पाहिले की ती संपते. त्या संज्ञेच्या आधाराने ज्याला विषय शिकावयाचा आहे, त्याचा विचार क्वचितच होतो. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पहूरसारख्या गावी दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी पुढे बी.एस्सी.ला रेणवीय व पेशीय जीवरसायनशास्त्र इंग्रजीतून शिकू लागतो. त्या वेळी त्याच्याजवळची मराठी संज्ञा त्यास साहाय्य करते की आडवी येते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. वाल्डायर याने १८८८ साली 'क्रोमोसोम' ही संज्ञा योजिली, ती हे तंतू रंग चटकन घेतात म्हणून. त्यांचे आनुवंशिक कार्य त्या वेळी सिद्ध व्हावयाचे होते. मराठीने 'गुणसूत्र' म्हणताना शब्दाचे भाषांतर न करता अर्थाचा अनुवाद केला. मूळ संज्ञेतून जे कळत नाही, ते येथे नावातच कळते. याउलट 'तंतुकणिका' ही 'मायटोकाँड्रिया'ची अक्षरशः प्रतिकृती होय. ग्रीक शब्दातील तंतू आणि कण तीत उतरले. परंतु पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा जेथे उपलब्ध होते, त्या घटकाविषयी ती आकारापलीकडे काही सांगत नाही. दोन्ही संज्ञा सारख्याच संस्कृतनिष्ठ असून एक शिकविते, दुसरी केवळ पाठ करावी लागते. म्हणजे दोष संस्कृताचा नव्हे, योजनेचा आहे.

दुसरी अडचण भगिनीभाषेची. मराठीत 'अणू' हा मूलद्रव्याचा आणि 'रेणू' हा अणूंच्या संयोगाने बनलेला. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' व दुसऱ्याला 'अणु' म्हणतात. त्यामुळे हिंदीतील 'आण्विक जीवविज्ञान' मराठी कानास अण्वस्त्रांच्या जवळचे वाटते. 'पेशी' हा आपला जीवघटक, तर हिंदीत 'पेशी' म्हटले की मांसपेशी आठवते आणि जीवघटकास 'कोशिका' म्हणावे लागते. विद्यार्थी हिंदीतील पुस्तकेही चाळतो. हे भेद त्यास कोणी सांगितले नाहीत, तर भाषेचा गोंधळ तो स्वतःच्या बुद्धीचा दोष समजतो. या विषयात मागे पडणाऱ्या कित्येकांची खरी अडचण येथे असावी, असे आम्हांस वाटते.

तिसरे उदाहरण 'विकर' या संज्ञेचे. 'एन्झाइम'साठी ती पाठ्यपुस्तकांत रुळली आहे. परंतु 'विकार' या नित्याच्या शब्दापासून ती एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाने वेगळी होते; 'विकराचा' आणि 'विकाराचा' हा फरक वर्गातील जलद उच्चारात निसटतो. शिवाय तिच्यातून संज्ञांचे कुल उभे राहत नाही. १८३३ साली वेगळ्या केलेल्या डायास्टेजच्या नावावरून रूढ झालेला प्रत्यय पाहा : अमायलेज, लायपेज, प्रोटिएज. विक्रिया कोणत्या द्रव्यावर होते, हे नावातच आले. ही व्यवस्था मोडून एकटी संज्ञा मराठी करण्यात लाभ नाही. येथे 'एन्झाइम' हाच शब्द स्वीकारणे श्रेयस्कर.

मग सारेच इंग्रजीतून का नको, असा आक्षेप येईल. मराठी भाषकांना हे शास्त्र परके नाही. कमला सोहोनी यांनी वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम-सी या विषयावरील संशोधनास १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. परंतु तो प्रबंध इंग्रजीत होता. आणि त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत मराठी गद्य समृद्ध करीत होत्या. शास्त्र आणि भाषा एका घरात नांदली, तरी एकीतून दुसरी आपोआप उपजत नाही. त्यासाठी कोणीतरी बुद्धिपुरस्सर श्रम घ्यावे लागतात.

त्या श्रमाची सामग्री खानदेशात विपुल आहे. विरजण, आंबवण, अढी, साकळणे, पिकत घालणे हे शब्द विद्यार्थी घरून घेऊन येतो. कच्च्या केळातील स्टार्चचे पिकताना शर्करेत रूपांतर होते. विरजणातील जीवाणू दुधातील लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल करतात व त्या आम्लतेने केसिन हे प्रथिन साकळते. अध्यापकाने विक्रिया या शब्दांत समजावून मग इंग्रजी संज्ञा द्यावी, म्हणजे संज्ञेस बसावयास जागा मिळते. मात्र घरगुती शब्दास संज्ञेचे काटेकोर मोल देऊ नये. विरजण म्हणजे एन्झाइम नव्हे.

तात्पर्य, कार्य सांगणाऱ्या मराठी संज्ञा कायम ठेवाव्यात. ज्यांचे कुल आंतरराष्ट्रीय आहे त्या लिप्यंतराने घ्याव्यात. आणि हिंदी-मराठीतील अर्थभेदांची एक लहान सूची प्रथम वर्षाच्याच विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. ही सूची करण्याचे काम भाषाविज्ञानाच्या व जीवरसायनशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसून करावयाचे आहे. त्यास नव्या कोशाची वाट पाहण्याचे कारण नाही.