गाऱ्हाण्याची जागा

लोकांनी आपली तक्रार कोठे मांडावी, हा प्रश्न वरवर पाहता पोलिसांचा व वाहतुकीचा वाटतो. वस्तुतः तो राज्यकर्ते आणि रयत यांच्यातील नात्याचा प्रश्न आहे. दिल्लीच्या शाहीन बागेतील धरण्यासंबंधी ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवून धरता येणार नाहीत आणि निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावयास हवीत, असा त्याचा आशय होता. तेव्हापासून ‘नेमलेली जागा’ हे शब्द अधिकाऱ्यांच्या तोंडी चांगलेच रुळले आहेत. या कल्पनेचे परीक्षण करण्याचा आमचा मानस आहे. आणि त्यासाठी दिल्लीपेक्षा आमोणे, डिचोली व पणजी यांच्या वाटेने जाणे आम्हांस अधिक उचित वाटते.

प्रथम या कल्पनेच्या बाजूने जे म्हणता येण्याजोगे आहे ते म्हटले पाहिजे. जागा नेमून देणे ही गोष्ट आमच्या समाजास परकी नाही. शिगम्याचे खेळ मांडावर, न्यायनिवाडा चव्हाट्यावर, महाजनांची बैठक सभामंडपात, असा गावरहाटीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘गाऱ्हाणे’ हा शब्दच पाहावा. देवासमोर उभे राहून घातलेले साकडे तेही गाऱ्हाणे, आणि अन्याय झाला म्हणून केलेली तक्रार तेही गाऱ्हाणेच. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, हे आमच्या भाषेचे शहाणपण होय. आमोण्याच्या वेताळासमोर वा अन्य कोणत्याही ग्रामदेवतेसमोर उभा राहणारा कुळावी हे जाणतो, की गाऱ्हाण्याला जागा असते.

परंतु त्या जागेला एक अट असते. जेथे गाऱ्हाणे घालावयाचे, तेथे ऐकणारा असावा लागतो. पाकळी उजवी पडो वा डावी, कौल मिळतो. भक्ताला नकार मिळाला तरी तो समाधानाने परततो, कारण त्याचे म्हणणे योग्य स्थळी पोचलेले असते. नेमलेल्या जागेचे सारे माहात्म्य या अटीवर उभे आहे. ती गळाली की जागा उरते आणि देवस्थान लोपते.

आता पणजीच्या आझाद मैदानाकडे पाहू. ज्या मंडपात पोर्तुगीज अमदानीत अफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता, तेथे आज गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचे स्मारक आहे. निदर्शनांसाठी याहून समर्पक जागा कोणती असेल? शिवाय एके काळी हे मैदान योग्य स्थळीही होते. विधानसभा मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात, म्हणजे आदिलशाही राजवाड्यात, भरत असे; मैदानातील घोषणा तेथवर सहज पोचावी एवढेच अंतर. सन २००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली आणि सचिवालयही पर्वरीस गेले. मैदान मात्र होते तेथेच राहिले. आमोण्याच्या माणसाने आज काय करावे? मांडवी ओलांडून पणजीत जावे आणि नदीच्या ज्या तीरावर तो स्वतः राहतो, त्याच तीरावर बसलेल्या राज्यकर्त्यांना पलीकडून हाका माराव्या!

सोळाव्या शतकात दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपार होऊन डिचोलीच्या नार्वे गावी आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी केला. देव गेला, तेव्हा भक्तही त्याच्यामागून नदी ओलांडून गेले. ‘गाऱ्हाणे जुन्याच जागी घाला’ असे त्यांना कोणी सांगितले नाही. आजचे राज्यकर्ते स्वतः स्थलांतर करतात, आणि लोकांना मात्र जुनी जागा नेमून देतात.

यावर कोणी म्हणेल, रस्ते अडविले तर रोग्यांचे, विद्यार्थ्यांचे, मजुरांचे हाल होतात त्याचे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १६ मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या आणि १९ मार्च रोजी खाण-अवलंबितांनी पणजीत पुलांची वाट अडविली. वाहतूक तासन्‌तास खोळंबली. अखेर लाठ्या चालल्या. त्या दिवशी अडकलेल्या निरपराध प्रवाशाचा या वादाशी काय संबंध होता? त्याचाही हक्क हा हक्कच आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षीची, एप्रिल २०१७ मधील, सत्तरीच्या सोनशी गावची हकीकतही याच्या शेजारी ठेवली पाहिजे. धुळीला व पाणीटंचाईला कंटाळून तेथील लोकांनी खनिजाचे ट्रक आपल्या गावातच रोखले. सुमारे ४५ जणांना अटक झाली, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि त्यांना तुरुंगात राहावे लागले. त्यांची तक्रार रस्त्यावरच्या धुळीचीच होती. ती पणजीच्या मैदानावर नेली असती, तर धूळ कोणास दाखविता आली असती? काही गाऱ्हाणी जागेपासून वेगळी करताच येत नाहीत.

कायद्याचा इतिहासही नेमलेल्या जागेच्या कल्पनेला सर्वस्वी अनुकूल नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात १९७२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले, की रस्त्यावरील सभांचे नियमन शासनास करता येईल. त्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, आणि परवानगी पोलिसांच्या निव्वळ मर्जीवर सोपविता येणार नाही. २०२० चा निकाल तीन न्यायाधीशांचा आहे. लहान पीठाच्या एका वाक्याने मोठ्या पीठाचा निर्णय पुसला जात नाही, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये.

अभिव्यक्तीच्या मर्यादांविषयी बोलावयाचे तर एका नावाचे स्मरण गोमंतकीयास होणारच. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात परवानगीविना सभा भरविली आणि त्यांना अटक झाली. पुढे स्वतंत्र भारतात याच लोहियांनी शेतकऱ्यांना कालव्याची वाढीव पाणीपट्टी न भरण्याचे आवाहन केले, म्हणून उत्तर प्रदेश शासनाने त्यांना पकडले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय देताना तत्त्व सांगितले, की भाषणावरील निर्बंधाचा सार्वजनिक सुव्यवस्थेशी निकटचा संबंध असला पाहिजे. दूरच्या, कल्पित भयावर तो उभारता येणार नाही. हिंसेची चिथावणी, अब्रूनुकसानी यांना घटनेच्या एकोणिसाव्या कलमानेच कुंपण घातले आहे व ते आम्हांस मान्य आहे. तथापि हे कुंपण काय बोलले जाते त्याचे आहे. जागा नेमून देण्याच्या निमित्ताने बोलणेच ऐकू येणार नाही अशी तजवीज करणे हे त्या कलमात कोठेही बसत नाही.

मुंबईचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील आझाद मैदानावर २९ ऑगस्ट २०२५ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, तेव्हा परवानगी ५,००० लोकांची होती. प्रत्यक्ष जमाव त्याहून कितीतरी मोठा होता व तो आसपासच्या रस्त्यांवर पसरला. न्यायालयाने ताशेरे ओढले. पण २ सप्टेंबर रोजी मंत्री मैदानावर आले आणि शासननिर्णयही निघाला. त्या मागणीच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. लोकांनी यातून काय शिकावे, एवढेच विचारतो. मैदान ओसंडून वाहिले तरच मंत्री मैदानावर येणार असतील, तर सोनशीच्या ४५ माणसांनी कोठे जावे? असा नियम लोकांना शिस्त लावीत नाही. तो मोडल्याशिवाय कोणी ऐकत नाही, हेच शिकवितो.

आमच्या वाचकांपाशीही एक नम्र विचारणा आहे. शिगम्याचे रोमटामेळ, पालख्या, दिंड्या यांसाठी पणजी-डिचोलीचे रस्ते तासन्‌तास बंद राहतात. ते योग्यच आहे. रस्ता हा केवळ चाकांसाठी नसून समाजाच्या उत्सवासाठीही आहे, असे आम्ही मानतो. मग तोच रस्ता समाजाच्या दुःखाला दोन घटका मिळाला तर आमच्या कपाळावर आठी का पडावी? आनंदासाठी वाट अडविणे ही परंपरा आणि दुःखासाठी अडविणे हा उपद्रव, हा भेद देवासमोर टिकणारा नाही.

सबब आमचे म्हणणे इतकेच. शासनास जागा नेमावयाच्या असतील तर नेमाव्या. पण एक जागा पर्वरीस, विधानसभेच्या दृष्टिपथात असावी. प्रत्येक तालुक्यात मामलेदार कचेरीसमोर दुसरी असावी, म्हणजे डिचोलीच्या माणसास नदी ओलांडावी लागणार नाही. तेथे एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः येऊन निवेदन स्वीकारावे आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. आणि ज्यांचे दुःख त्यांच्या गावच्या वाटेवरच आहे, त्यांना रुग्णवाहिकेस मार्ग मोकळा ठेवण्याच्या अटीवर काही काळ तेथेच उभे राहू द्यावे. एवढे झाले तर नेमलेल्या जागेस आमचा विरोध राहणार नाही.