आईचे हात आणि पहिला परिच्छेद

नोव्हेंबर लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "ताई, एसओपी बघशील का? परवा डेडलाइन आहे." खाली गूगल डॉकची लिंक. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. परदेशात पीएचडीला किंवा स्कॉलरशिपला अर्ज करताना द्यायचं दोन पानांचं निवेदन: मी कोण, मला काय शोधायचंय, तुमच्याकडेच का. गेल्या चार-पाच वर्षांत मी अशी पन्नासेक तरी वाचली असतील. आपल्या पिढीनं कवितेच्या खालोखाल कशावर मेहनत घेतली असेल तर ती या प्रकारावर, पण त्याची समीक्षा कुणी करत नाही. म्हणून मी करतेय.

या प्रकाराचे तीन अंक असतात. जखम, जिद्द, परतफेड. पहिल्या परिच्छेदात आईचे भेगाळलेले हात, गळकं छप्पर किंवा शाळेपर्यंतची पायपीट. चौथ्या-पाचव्या ओळीला त्या दुःखाचा निर्धार झालेला असला पाहिजे, तिथं रेंगाळायला परवानगी नाही. शेवटी, मी परत येऊन माझ्या समाजाची सेवा करीन. मधे कुठेतरी संशोधनाचा विषय असतो, बहुतेक वेळा सगळ्यात आखूड परिच्छेदात.

माझंही असंच होतं. मी आजीच्या कंदिलाबद्दल लिहिलं होतं. कंदील खरा होता, पण मी शाळेत जायला लागले तोवर तो माळ्यावर गेला होता आणि घरात इन्व्हर्टर आला होता. ते वाक्य मी खोडलं नाही. निवड झाली. कंदिलामुळेच झाली असं नाही, पण आजही तो डॉक उघडावासा वाटत नाही.

निवड समितीची बाजू मला कळते. शेकडो अर्ज, थोड्या जागा. कोण कुठून इथवर आलंय हे समजल्याशिवाय गुणपत्रिकेचा अर्थ लागत नाही. परिस्थिती सांगायलाच हवी. माझी तक्रार ती सांगण्याच्या ठरलेल्या चालीबद्दल आहे. खात्यापित्या घरच्या मुलानं 'मला हा विषय आवडतो' म्हटलं की तेवढं कारण पुरतं. आपल्या मुलीला मात्र कुतूहलाच्या जोडीला आईसुद्धा सादर करावी लागते.

मग मी बाबासाहेबांकडे वळले. आदर्श म्हणून नाही. तो उपयोग भाषणांत पुष्कळ होतो. शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेला एक विद्यार्थी स्वतःबद्दल कुठे बोलतो आणि कुठे गप्प राहतो, एवढंच बघायला.

1913 मध्ये ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. 9 मे 1916 रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात स्वतःची जात नाही, साताऱ्याची शाळा नाही. विवाहाचे नियम आहेत, अनुकरणाचा सिद्धांत आहे, आधीच्या अभ्यासकांशी वाद आहे. पंचविशीतला मुलगा जातीवर बोलतोय आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही.

लंडनचा रुपयावरचा प्रबंध 1923 मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याला एडविन कॅनन या त्यांच्या प्राध्यापकांची प्रस्तावना आहे. तीत ते सरळ म्हणतात की लेखकाची बरीचशी टीका आपल्याला पटत नाही, आणि तरी मांडणीतल्या ताजेपणाला दाद देतात. आजच्या शिफारसपत्रांत एवढी मोकळी असहमती मी पाहिलेली नाही. ते पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. आईवडील आले, पण काम पुरं झाल्यावर आले, कृतज्ञतेच्या जागी. एसओपीत ते कामाच्या आधी येतात, पुरावा म्हणून.

1925 मध्ये छापलेला कोलंबियाचा प्रबंध सयाजीरावांना अर्पण आहे. ते पान वाचताना मधलं 1917 साल आठवतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. म्हणजे आपल्या एसओपीचा तिसरा अंक त्यांनी अक्षरशः पाळला. परत आले, सेवेला हजर झाले, आणि शहरानं राहायला खोली दिली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. ओळखीच्यांनी घरात घेण्याबद्दल असमर्थता दाखवली. पाच तास सार्वजनिक बागेत बसून ते रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले.

हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहिलंय. एसओपी लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते आधी वाचावं. त्याचा वाचकही आपल्या समितीसारखा लांबचा आहे. अस्पृश्यता म्हणजे नेमकं काय हे परदेशी माणसाला कसं कळेल, या प्रश्नानंच ते सुरू होतं. सर्वसाधारण वर्णन करावं की घडलेले प्रसंग सांगावेत, याचा विचार करून ते प्रसंग निवडतात. म्हणजे जखम सांगायची नाही असा त्यांचा नियम नव्हता. फरक शेवटात आहे. बडोद्याचा प्रसंग निर्धारावर संपत नाही. हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य असतो हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, अशा एका शोधावर संपतो. त्या अपमानातून ज्ञान निघालं, आणि ते कोरडं आहे. समितीला टाळी वाजवायला जागाच नाही.

आता दुसरा एक मजकूर. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, प्रामुख्यानं अनुसूचित जातींच्या मुलांसाठी. 2022 च्या नियमांत एक वाक्य घातलं गेलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत धरले जाणार नाहीत. भारताचा अभ्यास भारतातच करावा, असा त्यामागचा युक्तिवाद. वर उल्लेखलेल्या तिन्ही लिखाणांना हे वाक्य लावून बघा. जातींवरचा निबंध बाहेर जातो. प्रांतिक अर्थव्यवस्था आणि रुपया अर्थशास्त्राच्या नावाखाली सुटतील कदाचित, एखाद्या कारकुनाचा मूड बरा असेल तर. निबंधाच्या भाषेत सांगायचं तर तुमचं दुःख पहिल्या परिच्छेदात चालेल, दुसऱ्यात तो विषय म्हणून आला की नाही चालणार. एरवी विसंगत वाटणाऱ्या या दोन अपेक्षा मला एकाच घरातल्या वाटतात.

यंदा आलेल्या डॉकपैकी एक परभणीकडच्या मुलीचा होता. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. पहिल्या परिच्छेदात आईचे हात होतेच. बाजूला पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या कुणाची कॉमेंट: 'हे अजून वाढवा, हृदयस्पर्शी आहे.' तिचा खरा विषय तिसऱ्या परिच्छेदात दबून बसला होता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि तोडीचा हिशेबही कोयत्यावरच होतो. बाईच्या कामाची वेगळी नोंदच होत नाही. मग तिची मजुरी मोजायची कशी?

मी फोन केला. म्हटलं, हे वर घे. ती म्हणाली, "ताई, मग आई कुठे टाकू?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी कंदिलाची गोष्ट तिला सांगितली. ती हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही.

दोन दिवसांनी डॉक बदललेला दिसला. हात गेले होते. पहिली ओळ अशी होती: आमच्याकडे कोयता म्हणजे फक्त हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. त्यापुढे आईवडिलांच्या एका हंगामाचा हिशेब, वडिलांच्या वहीतून उतरवलेला, टनांसकट. आईचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि तसं का, हे पुढच्या दीड पानात होतं. बाजूला सल्लागाराची नवी कॉमेंट आली होती: 'पर्सनल टच कमी झाला.' तिनं ती रिझॉल्व्ह करून टाकली होती.

अर्ज गेलाय. निकाल मार्चमध्ये.